कणगीचं ३२ एमबीचं झाकण काढताना: कामाच्या नोंदी

कणगी म्हणजे आमच्या ऑफिसातला घरगुती एनबीडी (नेटवर्क ब्लॉक डिव्हाइस) सर्व्हर. सी भाषेत लिहिलेला, साडेसहा हजार ओळींचा. नेटवर्कवरून व्हर्च्युअल मशीनना डिस्क पुरवणं एवढंच त्याचं काम. प्रत्येक डिस्कमागे एक्सएफएस या फाईल सिस्टमवर एक स्पार्स फाईल (न लिहिलेल्या भागासाठी जागा न घेणारी), आणि तिच्या शेजारी एक नकाशा: दर ६४ केबीच्या ठोकळ्याला १ बिट. बिट लागलेला असेल तर डेटा या थरात, नसेल तर खालच्या मूळ डिस्कमध्ये बघायचं. रिक्वेस्टच्या आकारावरची लिमिट उठवताना जे जे झालं ते त्या त्या दिवशी टिपून ठेवलंय. एमबी, जीबी, टीबी सगळीकडे १०२४ च्या पटीतले धरावेत.

३ जून २०२४

आज घड्याळ लावून बसले. ४ टीबीची रिकामी डिस्क शून्य करायला १९ मिनिटं ४० सेकंद. शून्य करायचं म्हणजे खरं तर काही लिहायचं नाहीच, फॅलोकेट या लिनक्सच्या कॉलने फाईलला भोक पाडलं, म्हणजे तेवढ्या भागाची जागा सोडून दिली (वाचताना तिथे शून्यंच दिसतात), की झालं. लिनक्समध्ये ही सोय २०११ पासून, २.६.३८ पासून आहे. मग वीस मिनिटं जातात कुठे?

सर्व्हर कुठलीही रिक्वेस्ट ३२ एमबीच्या पुढे घेत नाही. ४ टीबीला ३२ एमबीने भागा: १,३१,०७२ रिक्वेस्ट. दर रिक्वेस्टनंतर नकाशा एफसिंक होतो, म्हणजे डिस्कवर पक्का लिहिला जातो, त्याला साधारण ९ मिलिसेकंद. गुणाकार केला तर तंतोतंत तेवढाच वेळ निघतो.

३२ एमबी हा आकडा मीच घातलेला, २०१८ मध्ये. एनबीडीच्या नियमावलीत लिहिलंय की सर्व्हरने आपली लिमिट सांगितली नसेल तर क्लायंटने ३२ एमबी धरून चालावं. मी ते वाचलं आणि सरसकट सगळ्या कमांडना लावून टाकलं. प्रोटोकॉल १९९७ चा, पावेल माखेकचा. त्याच्या हेडरमध्ये (दर रिक्वेस्टच्या सुरुवातीच्या ठरावीक बाइटांत) लांबीला ३२ बिट आहेत, म्हणजे ४ जीबीला एक बाइट कमी इतकं मागायची मुभा पहिल्यापासून होतीच. झाकण आमचं आम्हीच लावलेलं.

टेस्टिंग बघणारी शेजारी बसते. तिने आकडे बघून विचारलं, "अगं, पण दर रिक्वेस्टला एफसिंक कशाला?" मी म्हटलं, त्याला हात लावायचा नाही. २०१९ च्या पावसाळ्यात वीज गेली तेव्हा नकाशा अर्धवट लिहिला गेला होता आणि दोन डिस्क हातच्या गेल्या. तेव्हापासून तो एफसिंक तिथे आहे आणि तिथेच राहील.

४ जून

सगळ्यात सोपं आधी. ३२ एमबीच्या जागी १ जीबी लिहिलं, पुन्हा कंपाइल केलं, चालवलं. शून्याची रिक्वेस्ट झकास गेली. दहा मिनिटांत काम फत्ते म्हणून चहाला गेले.

परत आले तर सर्व्हर मेलेला. कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद, आणि बळी कणगीचा.

झालं असं: रीड आली की आम्ही लांबीएवढी मेमरी मॅलॉकने मागतो. आमचा पायथनमधला साठ ओळींचा टेस्ट क्लायंट सर्व्हरने सांगितलेली कमाल लांबी विचारतो आणि तेवढ्याच लांबीच्या १६ रीड एकदम सोडतो. १६ गुणिले १ जीबी, आणि मशीनमध्ये रॅम ८ जीबी. गंमत म्हणजे मॅलॉकने एकदाही नाही म्हटलं नाही. लिनक्स मेमरी उधारीवर देतो. खरी पानं लागतात ती प्रीड (फाईल वाचणारा कॉल) त्यात बाइट भरायला लागल्यावर. त्यामुळे मॅलॉकचा निकाल तपासणाऱ्या आमच्या सगळ्या ओळी हिरव्या, आणि प्रोसेस मेली ती भलत्याच ठिकाणी.

क्यूएमू (व्हर्च्युअल मशीन चालवणारा प्रोग्राम) वापरून बघितलं असतं तर हे दिसलंच नसतं. त्याचा एनबीडी क्लायंट एका रीडमध्ये ३२ एमबीच्या वर मागत नाही, समोरचा सर्व्हर कितीही देतो म्हणाला तरी. आमचाच क्लायंट हावरट निघाला ते बरं झालं.

५ जून

कमांडचे दोन गट केले. एका गटात रीड आणि राईट: यांच्यासोबत खरा डेटा तारेवरून जातो, म्हणून यांची लिमिट ३२ एमबीच राहील. दुसऱ्या गटात शून्य करणं, ट्रिम (नको असलेली जागा परत करणं) आणि ठोकळ्यांची स्थिती विचारणं. यात लांबी हा नुसता आकडा, मागे सामान काही नाही. नियमावलीतही सर्व्हर जाहीर करतो ती कमाल लांबी डेटा वाहणाऱ्या कमांडसाठी आहे. मी सहा वर्षं ती ओळ चुकीची वाचत होते.

दुसऱ्या गटाची लिमिट तूर्त १ जीबी. ४ टीबी शून्य करायला आता ४,०९६ रिक्वेस्ट आणि ३८ सेकंद.

तुमचं काम एवढ्यात भागत असेल तर इथेच थांबा. खरंच सांगते. मी थांबले नाही, कारण दोन गोष्टी डोक्यात होत्या. डिस्क आयात करणारं आमचं साधन आधी "कुठे डेटा, कुठे भोक" विचारतं आणि तिथेही उत्तरांचे तुकडे पडतात. शिवाय थर मिटवणाऱ्या (वरचा थर खालच्यात ओतणाऱ्या) कोडमध्ये हीच लिमिट आत खोलवर बसलेली आहे. आणि थोडी हौस, ती कशाला लपवायची.

६ जून

दुसऱ्या गटाची लिमिट ४ जीबी उणे ६४ केबी केली आणि ३ जीबीची शून्य रिक्वेस्ट पाठवली. लॉगमध्ये आलं:

त्रुटी: −१,०७,३७,४१,८२४

असा त्रुटी क्रमांक जगात नाही. ३ जीबी ३२ बिटांच्या चिन्हासहित (अधिक-उणे दोन्ही धरणाऱ्या) इंटमध्ये, म्हणजे पूर्णांकात, कोंबले की नेमकं हेच बाहेर पडतं. आमची फंक्शनं यशस्वी झाल्यावर लांबी परत देतात आणि फसल्यावर उणे त्रुटी. दोन्हीला एकच इंट. लांबीच उणे झाली, वरच्या फंक्शनला वाटलं त्रुटी आली, त्याने ती इमानदारीने लॉग केली. डिस्कवर काम मात्र पूर्ण झालेलं होतं.

१ जीबी म्हणजे १,०७,३७,४१,८२४ बाइट. हा आकडा या प्रकल्पात इतक्यांदा भेटला की आता चेहऱ्याने ओळखते.

७ ते १२ जून

लांबी जिथे जिथे इंट आहे तिथे ६४ बिट करायचं. कंपाइलरला रूपांतराचे सगळे इशारे द्यायला लावले: ४१२ निघाले. चार दिवस त्यात गेले.

६४ बिट, पण चिन्हासहित की बिनचिन्हाचे? यावर अर्धा दिवस आमच्यात वाद. क्यूएमूने हेच काम केलंय. त्यांच्या शून्य आणि डिस्कार्डच्या (म्हणजे ट्रिमच्या) ६४ बिटी रिक्वेस्ट ६.२ मध्ये, २०२१ च्या डिसेंबरात आल्या. त्याआधी तिथली कमाल २,१४,७४,८३,१३६ बाइट होती, म्हणजे २ जीबीला एक सेक्टर (५१२ बाइट) कमी. त्यांनी चिन्हासहित ६४ बिट घेतले. फाईलचा ऑफसेट (सुरुवातीपासूनचं अंतर) लिनक्समध्ये तसाही चिन्हासहितच असतो, आणि उणे त्रुटी परत देण्याची पद्धत मोडावी लागत नाही. आम्हीही तेच केलं.

इशाऱ्यांपैकी साधारण तीनशे निरुपद्रवी. पण कुठल्या तीनशे, हे एकेक बघितल्याशिवाय कळत नाही. सगळ्यात घाण जागा म्हणजे सेक्टरांचे बाइट करणाऱ्या. सेक्टरांचा आकडा इंट, ९ घरं डावीकडे सरकवायचा (म्हणजे ५१२ ने गुणायचा), आणि मग निकाल ६४ बिटी चलात ठेवायचा. बघताना वाटतं ६४ बिट आहे की! पण सरकवणं ३२ बिटांतच होतं, वरचे बिट सांडून गेल्यावर रुंद भांडं आणून काय उपयोग. अशा अकरा जागा सापडल्या. सरकवण्याआधी रुंद करा, नंतर नाही.

१३ जून

वाईट दिवस. सावकाश लिहिते.

इशारे साफ करताना ठोकळ्याचा आकार, जो आधी साधा इंट होता, तो मी बिनचिन्हाचा ३२ बिटी केला. "आकार उणे कसा असेल?" असा शुद्ध विचार. पुढचे इशारे गप्प झाले, मी खूश.

ऑफसेट ठोकळ्याच्या सीमेवर खाली आणायचं आमचं गणित नेहमीचंच: ठोकळ्याचा आकार उणे एक, त्याचे सगळे बिट उलटे, आणि ऑफसेटशी अँड (दोन्हीकडे एक असलेले बिट तेवढे ठेवायचे). आकार इंट होता तोवर उलटा केलेला आकडा उणे असायचा. ६४ बिटांत जाताना चिन्ह पसरायचं, म्हणजे वरचे सगळे ३२ बिट एक व्हायचे. सहा वर्षं हे नशिबावर चाललं होतं. बिनचिन्हाचा केल्यावर वरचे ३२ बिट शून्य झाले. शून्याशी अँड म्हणजे ऑफसेटचा वरचा अर्धा भाग साफ.

परिणाम: ५ जीबीपाशी शून्य कर म्हटलं की सर्व्हर १ जीबीपाशी शून्य करायचा. पुन्हा तोच चेहरा.

मी हे टेस्ट डिस्कवर चालवत नव्हते. चालवत होते ते आमच्या बिल्डच्या मशीनवर, कारण "फक्त इशारे साफ केलेत, वागणं तर बदललेलं नाही". सकाळी अकराच्या सुमारास, एरवी रात्री चालणारं रिकामे ठोकळे परत करण्याचं काम मी हाताने चालवलं. त्याने डिस्कच्या वरच्या भागातली मोकळी जागा पुसायला सांगितली, कणगीने खालचा भाग पुसला. फाईल सिस्टमची मुळंच गेली. साडेअकराला मशीन वाचायला मिळेना.

रविवारचा बॅकअप होता. सोमवार ते गुरुवार सकाळपर्यंतचे बिल्ड लॉग गेले, आणि एका इंटर्नचं दोन दिवसांचं काम, जे त्याने दुसरीकडे कुठेच चढवलेलं नव्हतं. त्याला जाऊन स्वतः सांगितलं. "ठीक आहे मॅडम," म्हणाला, पण चेहरा ठीक नव्हता. परत आणायला संध्याकाळचे सात वाजले.

दुरुस्ती एका ओळीची: मुखवटा (तो उलटा केलेला आकडा) बनवण्याआधी आकार ६४ बिटी करायचा. त्या ओळीसोबत एक नियमही लागू: खालच्या थरांतला एक शब्दही बदलला तरी ती आवृत्ती आठवडाभर फक्त टेस्ट डिस्कवर. ऑफसेट ४ जीबीच्या वर आणि लांबी छोटी, अशी टेस्ट आमच्याकडे एकही नव्हती. आता चौदा आहेत.

१८ जून

काल सुट्टी. आज सीमा तपासणी.

रिक्वेस्ट डिस्कच्या बाहेर जात नाही ना, हे आम्ही "ऑफसेट अधिक लांबी, डिस्कच्या आकारापेक्षा मोठी का" असं तपासायचो. लांबी ३२ बिटी होती तोवर बेरीज ओसंडून वाहायला ऑफसेट अवाढव्य लागायचा. आता लांबीही ६४ बिटी असेल, तर दोन मोठे आकडे मिळून बेरीज फिरून छोटी होते आणि तपासणी पास. खोडसाळ क्लायंटला एवढं पुरे. उलटं लिहिलं: आधी ऑफसेट आकाराच्या आत आहे का, मग लांबी ही "आकार उणे ऑफसेट" पेक्षा मोठी का. वजाबाकी ओसंडत नाही.

सीमेवर वर नेतानाही तोच धोका आहे. क्यूएमूची युक्ती उचलली: डिस्कचा कमाल आकार ६४ बिटी चिन्हासहित आकड्याच्या टोकाला न नेता त्याच्या अलीकडच्या १ जीबीच्या पटीला अडवायचा. मग ६४ केबीपर्यंत वर नेलं तरी जागा शिल्लक राहते. दर ठिकाणी वेगळी तपासणी नको.

२० जून

आता तारेवरचा भाग. जुन्या हेडरमध्ये लांबी ३२ बिटीच, म्हणून ४ जीबीच्या पुढे जायचं तर विस्तारित हेडर लागतात. क्लायंटने जोडणीच्या सुरुवातीला ते मागायचे, सर्व्हरने हो म्हणायचं, आणि मग दोन्हीकडून फक्त नवे हेडर. क्यूएमूमध्ये हे ८.२ पासून, २०२३ च्या डिसेंबरपासून आहे. लिबएनबीडी या लायब्ररीमध्येही आहे. लिनक्स कर्नलचा स्वतःचा एनबीडी क्लायंट मात्र हे बोलत नाही, त्याला जुनंच चालू ठेवावं लागतं. म्हणजे दोन्ही रस्ते कायमचे सांभाळायचे.

जुनं रिक्वेस्ट हेडर २८ बाइटचं, नवं ३२. जुनं वाचताना आम्ही स्ट्रक्टला (हेडरच्या साच्याला) पॅक केलेलं होतं, नाहीतर कंपाइलर शेवटी ४ बाइट भरून त्याचेही ३२ करतो आणि सगळा प्रवाह सरकतो. नव्यात लांबी ८ बाइटची झाल्याने बरोबर ३२ भरतात, पोकळ जागा उरत नाही. छान.

छान कसलं. एका ठिकाणी मी आकार हाताने लिहिला होता: २८. पहिली रिक्वेस्ट गेली, दुसरीला जोडणी तुटली. लॉग म्हणाला, हेडरच्या सुरुवातीला खुणेचा ठरलेला आकडा असायला हवा, त्याऐवजी आला १०७३७४१८२४. यावेळी मी हसले. ५ जीबीच्या ८ बाइटी लांबीतले शेवटचे ४ बाइट म्हणजेच १ जीबी. हेडरचं शेपूट मागे राहिलं होतं आणि पुढच्या हेडरचं तोंड म्हणून वाचलं जात होतं. आकडा ओळखीचा नसता तर अर्धा दिवस गेला असता. दोन मिनिटांत सापडलं.

दुपारी अजून एक गोष्ट नीट केली. राईट जर कमाल लांबीपेक्षा मोठी आली तर नुसती त्रुटी पाठवून भागत नाही, कारण मागून डेटा येतच असतो. तो वाचून फेकून द्यायचा किंवा जोडणी तोडायची. ६४ बिटी लांबीत "वाचून फेकून देते" म्हणणं म्हणजे जन्मभर वाचत बसणं. ६४ एमबीपर्यंत वाचून फेकतो, त्यापुढे सरळ तोडतो.

२४ जून

शनिवारी सगळ्या टेस्ट पास झाल्या म्हणून टेस्टिंगकडे दिलं होतं. आज सकाळी ती खुर्ची ओढून माझ्याकडे आली आणि म्हणाली, "तुझा सर्व्हर खोटं बोलतोय."

तिने जुनी डिस्क घेतली, बरोबर ४ जीबीची. पूर्ण शून्य करायची एक रिक्वेस्ट पाठवली. सर्व्हर म्हणाला, झालं. तिने डिस्क वाचून बघितली, तर जुन्या मशीनचं होस्टनेम अजून तिथेच.

४ जीबी म्हणजे ४,२९,४९,६७,२९६. ३२ बिटांत हा आकडा मावत नाही, उरतं शून्य. हेडर वाचणारं कोड ६४ बिटी, मधले थर ६४ बिटी, पण सगळ्यात खाली फाईलला भोक पाडणाऱ्या फंक्शनचा एक पॅरामीटर बिनचिन्हाचा ३२ बिटी राहून गेला होता. आत लूप: लांबी शून्यापेक्षा मोठी आहे तोवर. शून्य शून्यापेक्षा मोठं नाही. लूप एकदाही फिरलं नाही, फंक्शनने यश कळवलं. इशारा आलाच नाही, कारण तिथे जुन्या कुणीतरी स्पष्ट कास्ट (आकड्याचा प्रकार बदलायची सूचना) लिहिलेला होता, आणि कास्ट म्हणजे कंपाइलरला "तू गप्प बस" म्हणणं. जुनं कुणीतरी म्हणजे मीच.

माझ्या टेस्टमध्ये हे का नाही सापडलं? मी ५ जीबीने तपासलं होतं. ५ जीबीचे ३२ बिटांत १ जीबी उरतात. पहिला १ जीबी खरंच शून्य झाला, आणि माझी टेस्ट फक्त पहिला १ एमबी वाचून बघायची. चुकीचं कोड, आळशी टेस्ट, दोघांचं गूळपीठ.

जुन्या डिस्कच्या कमांडमध्येही असलं शून्य आहे. डिस्क जोडायच्या स्कझी पद्धतीच्या सगळ्यात जुन्या, ६ बाइटच्या रीड कमांडमध्ये लांबीला ८ बिट, आणि तिथे ० लिहिलं की अर्थ २५६ ठोकळे. एटीए या दुसऱ्या पद्धतीच्या २८ बिटी कमांडमध्येही तसंच: ० म्हणजे २५६ सेक्टर, १२८ केबी. तिथे शून्य म्हणजे "भरपूर" असं ठरवून घेतलंय. आमच्याकडे ते न ठरवता "काहीच नाही" झालं.

दुरुस्तीनंतर टेस्टचे आकडे तिने ठरवले: २ जीबी उणे १ ठोकळा, बरोबर २ जीबी, ४ जीबी उणे १ ठोकळा, बरोबर ४ जीबी, ४ जीबी अधिक १ ठोकळा, आणि प्रत्येकात पहिला, मधला, शेवटचा ठोकळा आणि बाहेरचा दोन्हीकडचा शेजारी वाचायचा. शिवाय पूर्ण कोडमधले लांबीवरचे कास्ट शोधून काढले. ३७. बत्तीस उडवले.

१ जुलै

पालखी पुण्यात मुक्कामी, रस्ते बंद, घरून काम.

४ टीबीची एकच रिक्वेस्ट. रिकाम्या डिस्कवर डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच झाली. मग तीन वर्षं वापरात असलेल्या, फाईलचे लाखभर तुकडे झालेल्या डिस्कवर चालवली. डिस्कचा पहिला भाग एक टेस्ट मशीन वापरत होतं, दुसरा साडेतीन टीबीचा भाग पुसायचा होता. गेस्टमधून (व्हर्च्युअल मशीनच्या आतून) एवढी मोठी रिक्वेस्ट येत नाही, ती क्यूएमूपर्यंत येतानाच २ जीबीच्या आत तुटते. पुसायचं काम आमचं साधन बाहेरून करतं.

फॅलोकेटला ३ मिनिटं १० सेकंद लागले. तेवढा वेळ त्याने फाईलचं कुलूप धरून ठेवलं, आणि त्याच फाईलवरच्या टेस्ट मशीनच्या सगळ्या रीड आणि राईट दाराशी ताटकळत. १२० सेकंद झाल्यावर गेस्टच्या कर्नलने प्रोसेस अडकल्याची ओरड सुरू केली. जुन्या ३२ एमबीच्या लिमिटमध्ये हे कधीच झालं नसतं. दर तुकड्यानंतर कुलूप सुटायचं आणि बाकीचे आत घुसायचे. त्या लिमिटचा हा फायदा आम्हाला माहीतच नव्हता.

मग लिमिट परत आणली, फक्त जागा बदलून. बाहेरून रिक्वेस्ट कितीही मोठी येऊ दे. सगळ्यात खालच्या थराने आपल्याला एका वेळी किती झेपतं ते जाहीर करायचं, आणि मधल्या थराने तेवढे तुकडे पाडायचे. फाईलच्या थराने १ जीबी सांगितलं. दर तुकड्यानंतर रांगेतल्यांना वाट द्यायची. एफसिंक मात्र सगळे तुकडे झाल्यावर एकदाच. तीच डिस्क, तेच काम: एकूण ३ मिनिटं २२ सेकंद, पण टेस्ट मशीनच्या रीडला जास्तीत जास्त उशीर ९० मिलिसेकंद.

४ जुलै

थर मिटवणं, म्हणजे वरच्या थरातला डेटा खालच्या मूळ डिस्कमध्ये ओतणं. इथे आतल्या आत कॉपी होते, तारेचा संबंध नाही. ५ जूनला ठेवलेली ३२ एमबीची लिमिट इथे लागत नाही हे लक्षात आल्यावर मला पुन्हा हाव सुटली: एका प्रीडमध्ये २ जीबी. या मशीनमध्ये रॅम ६४ जीबी आहे, म्हटलं होऊन जाऊ दे.

कॉपी झाली, चेकसम (डेटा तंतोतंत तोच आहे का ते दाखवणारा आकडा) जुळेना. फरक बरोबर दर २ जीबीच्या शेवटी, ४,०९६ बाइट शून्य.

लिनक्स एका रीड कॉलमध्ये जास्तीत जास्त २,१४,७४,७९,५५२ बाइट देतो, म्हणजे २ जीबीला ४,०९६ कमी. ६४ बिटी सिस्टमवरसुद्धा. हे मॅन्युअलच्या पानावर लिहिलेलं आहे. कमी बाइट आले की आमचं कोड समजायचं, फाईल संपली, उरलेलं शून्याने भरा. लहान फाईलच्या शेवटच्या ठोकळ्यासाठी ते बरोबरच होतं.

दोन दुरुस्त्या. कमी आलं तर पुन्हा वाचायचं, शून्य बाइट आल्याशिवाय फाईल संपली असं मानायचं नाही. आणि तुकडा ८ एमबीवर आणला, कारण मोजल्यावर दिसलं की ८ एमबी आणि २ जीबी यांच्या वेगात फरकच नाही. दीड दिवस हावेपोटी गेला.

९ जुलै

सगळं एकत्र, अंतिम मोजणी. ४ टीबीची रिकामी डिस्क शून्य करणं: १ रिक्वेस्ट, २ सेकंदांच्या आत. ४ टीबीच्या भोकाची स्थिती विचारणं: आधी दर उत्तरात ४ जीबीच्या आतला एकेक तुकडा, हजारावर फेऱ्या, आता एक प्रश्न, एक उत्तर.

खर्च: कामाचे एकवीस दिवस, त्यातले साधारण सात चुका निस्तरण्यात. जुन्या बाजारातून घेतलेल्या ४ टीबीच्या दोन डिस्क, ५,५०० रुपयाला एक. इंटर्नचे दोन दिवस, ज्यांची भरपाई नाही.

संध्याकाळी टेस्टिंगवालीने पुन्हा एफसिंक काढलं. "आता तू शेवटी एकदाच करतेस ना? मग वीज गेली तर?" मी सांगितलं की क्लायंटला पक्कं हवं असेल तेव्हा तो फ्लश (सगळं डिस्कवर पक्कं करायची कमांड) पाठवतो किंवा रिक्वेस्टवरच तशी खूण करतो, त्याआधी वीज गेली तर प्रोटोकॉलप्रमाणे आम्ही कशालाच बांधील नाही. हे बोलता बोलताच माझं मला कळलं. २०१९ मध्ये नकाशा फाटला तो एफसिंक कमी पडला म्हणून नाही. फ्लश आल्यावर आम्ही फक्त डेटाची फाईल पक्की करायचो, नकाशाची विसरायचो. ती चूक त्याच वर्षी दुरुस्तही झाली होती. दर रिक्वेस्टचा एफसिंक भीतीपोटी मागे राहिला.

तिने जून महिन्याच्या आधीची आवृत्ती काढली. लिमिट ३२ एमबीच ठेवली, ती एक एफसिंकची ओळ तेवढी उडवली, आणि ४ टीबी शून्य करायला लावले. १,३१,०७२ रिक्वेस्ट.

४१ सेकंद.

ती काही बोलली नाही. तिने आकडा वहीत लिहिला आणि वही माझ्याकडे सरकवली.